पन्नासची नोट कोणाच्या हातात देता?

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावातून एका आईचं पत्र आलंय. मुलगा नऊ वर्षांचा, चौथीत. भाजी-भाकर पाहिली की तोंड वाकडं, शाळेतली खिचडी अर्धी टाकतो, रात्री अकरापर्यंत मोबाईल, सकाळी उठता उठत नाही. दिवसाला दोन-तीन पुडे पोंगे-चिप्सचे. सासूबाई जेवायच्या आधी गूळ-शेंगदाण्याचा लाडू देऊन त्याला बिघडवतात, अशी तक्रार आहे. चांगल्या सवयी कशा लावू, एखादं टॉनिक देऊ का, असं विचारलंय. आणि मधेच एक ओळ: "संध्याकाळी यांचा खर्रा आणायला पाठवते तेव्हा उरलेल्या दहा रुपयाचे पुडे घेऊन येतो, ऐकतच नाही." खर्रा म्हणजे आमच्याकडचं सुपारी-तंबाखू-चुन्याचं घोटलेलं मिश्रण.

ताई,

पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या एका ओळीवर अडकले. मोबाईलवर पानभर, सासूबाईंवर अर्धं पान, आणि नऊ वर्षांचं लेकरू रोज पानठेल्यावर जातं हे मात्र जणू दळण आणायला गेलंय अशा थाटात लिहून तुम्ही पुढं सटकलात.

"पाठवते" हा शब्द तुमचाच आहे ना? खर्रा लागतो नवऱ्याला, पण पन्नासची नोट पोराच्या मुठीत कोंबता तुम्ही, त्यामुळं राग आला तरी ऐकून घ्या.

ते पोट्टं तिथं काय करतं याचा विचार केलाय का कधी? ठेलेवाला सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत टाकून घोटतो तोवर हे उभं राहतं, बाबांचा किती कडक लागतो हे त्याला पाढ्यासारखं पाठ असणार, नाकाच्या समोर पुड्यांच्या माळा लटकलेल्या आणि हातात दहा रुपये मोकळे. मोठ्या माणसाचा हात आवरला नसता. तुम्ही त्याला हट्ट म्हणता, माझ्या हिशेबानं ती त्याची मजुरी आहे, खर्रा आणल्याची. आणि दिवसभर शेतात राबणारा बाप घरी आल्यावर पोराला हाक मारतो ती बहुतेक एवढ्याच कामासाठी, मग पोरगं उड्या मारत जाणार नाही तर काय.

माझ्या मामांनी तीस वर्षं खर्रा खाल्ला. सुपारीनं तोंडाच्या आतली कातडी आवळत जाते, आधी तिखटानं आग होते, मग हळूहळू तोंडच उघडेनासं होतं. माझ्या लग्नात मामांना पेढा कुस्करून चमच्यानं भरवावा लागला. त्यांचा खर्रा आणायला लहानपणी कोण जायचं माहितीये? मी आणि माझा भाऊ. मी सुटले, भाऊ आज स्वतःचा आणतो.

अठरा वर्षांखालच्या पोराला तंबाखू विकायचीच नाही, असा २००३ चा कायदा आहे. लेकराच्या हाती तंबाखू देणाऱ्याला २०१५ च्या बाल न्याय कायद्यात सात वर्षांपर्यंत कैद आणि लाखापर्यंत दंड आहे. ठेलेवाल्याला हे सांगा, शांतपणे सांगा, गावातलाच माणूस आहे, पण सांगा.

बाकी सगळं ठेवा बाजूला, टॉनिक तर विसराच. आज संध्याकाळपासून पोरगं ठेल्यावर जाणार नाही. एवढंच करायचं. नवरा ओरडला तर म्हणा, चप्पल दारातच आहे, तुमचा तुम्ही आणा. आणि घरात वाद नको म्हणून त्याच्या ऐवजी तुम्ही जाल, तर तेही नाही, मी ओळखते आपल्या बायांना. दोन-चार दिवस भांडण होईल, पोरगंही पुड्यासाठी रडेल, रडू द्या.

भांडण निवलं की नवऱ्याला स्वतःची तीन बोटं उभी करून दातांच्या मधे घालायला सांगा. जात नसतील, किंवा साध्या वरणाच्या फोडणीनंही तोंड भाजत असेल, तर दातांच्या डॉक्टरकडे न्या, नागपूरला सरकारी डेंटल कॉलेज आहे. सोडायची इच्छा झाली तर १८००-११२-३५६ वर फोन लावा, फुकट आहे, सरकारीच आहे.

आणि ठेल्यावर जायची जी वेळ होती ना, तेव्हा बापानं त्याला गोठ्यात न्यावं, बैलांना पाणी दाखवायला, नाहीतर वावरातून हरभऱ्याचे सोले तोडून आणायला. बापासोबत सोलून खाल्लेले सोले पोरगं तोंड वाकडं करून खात नाही. दमलं की मोबाईल हातात असतानाच डुलक्या घेईल, तो प्रश्न आज नका सोडवू.

सासूबाईंचं म्हणाल तर त्या पोराच्या पोटात दिवसभरात जे काही धड जातं त्यात तो गूळ-शेंगदाण्याचा लाडू पहिला आहे. जेवणाआधी नको, शाळेतून आल्यावर द्या म्हणा, आणि डबा त्यांच्याच हाताखाली राहू द्या.