वाहन-प्रश्नोत्तरे : अर्ध्यावर अडकलेला पॉवर अँटेना

प्रश्न : माझी सेडान गाडी १९९०च्या दशकातील आहे. तिच्या मागच्या मडगार्डमधला पॉवर अँटेना पूर्वी रेडिओ लावताच पूर्ण वर येत असे आणि रेडिओ बंद केला की आत जात असे. आता रेडिओ लावल्यावर आतून काही सेकंद घरघर ऐकू येते, पण दांडी जेमतेम वीतभर वर येते आणि हाताने ओढली तर सैल हलते. मोटारीसह सगळा संच बदलावा लागेल असे मेकॅनिकचे म्हणणे आहे. परंतु या मॉडेलचा मूळ संच आता सहज मिळत नाही. दुसरा काही उपाय आहे का?

उत्तर : आपण केलेल्या वर्णनात सर्वांत उपयोगी गोष्ट आहे ती घरघर. मोटार फिरते आहे, याचा अर्थ फ्यूज, रिले (लहान इशाऱ्यावर मोठा प्रवाह चालू-बंद करणारा विद्युत स्विच), अर्थिंग आणि रेडिओकडून येणारा इशारा हे चारही ठीक आहेत. दांडी हाताला सैल लागते, याचा अर्थ मोटार आणि दांडी यांना जोडणारा दुवा तुटला आहे. हा दुवा म्हणजे नायलॉनची एक दातेरी केबल असते. तिचे वरचे टोक दांडीच्या सर्वांत आतल्या, म्हणजे सर्वांत बारीक नळीला पक्के बसवलेले असते आणि उरलेली केबल खाली एका गोल डबीत मोजपट्टीच्या फितीसारखी गुंडाळलेली राहते. मोटारीचा गियर केबलच्या दात्यांत अडकून तिला वर ढकलतो किंवा खाली ओढतो. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने नायलॉन कडक आणि ठिसूळ होते, आणि त्यातच दांडी धुळीने जड चालू लागली की एखाद्या दिवशी दाते खरवडून निघतात किंवा केबल मधूनच तुटते. त्यामुळे संपूर्ण संच बदलण्याचा सल्ला येथे घाईचा वाटतो. बहुतेक संचांमध्ये दांडी आणि केबल मिळून एक सुटा भाग असतो आणि मोटार जागेवर ठेवूनच तो बदलता येतो.

सुटा भाग मागवण्यापूर्वी जुन्या दांडीची मापे घ्यावीत : पूर्ण उघडल्यावरची लांबी, त्यातील नळ्यांची संख्या, सर्वांत जाड नळीचा व्यास आणि केबलची जाडी. आपल्या मॉडेलच्या नावाचा भाग मिळाला नाही तरी त्याच मापाचा दुसरा बहुधा चालतो. केबल थोडी लांब असल्यास ती कापून जुन्या लांबीची करता येते. आखूड असल्यास मात्र उपयोग नाही. दाते एका बाजूला आहेत की दोन्ही बाजूंना, आणि त्यांच्यातील अंतर जुन्या केबलइतकेच आहे का, हे शेजारी ठेवून पाहावे. येथे अंदाजाने काम केले तर नवी केबलही पहिल्याच फेरीत खरवडली जाईल.

प्रत्यक्ष काम दोघांनी मिळून करावे. एकाने रेडिओच्या बटणाशी बसावे आणि दुसऱ्याने अँटेनाशी उभे राहावे. प्रथम मडगार्डच्या रंगावर चिकटपट्टी लावावी, कारण पाना घसरून उठलेला ओरखडा अँटेनापेक्षा महाग पडतो. दांडीच्या बुडाशी असलेला गोल नट सोडवावा. त्यानंतर रेडिओ सुरू करावा आणि मोटार केबलला वर ढकलत असताना दांडी सरळ रेषेत, जोर न लावता बाहेर काढावी. केबल बाहेर येताना तिचे दाते गाडीच्या कोणत्या बाजूला आहेत ते पाहून लगेच खूण करून ठेवावी, कारण पुढच्या कामात सर्वाधिक गोंधळ येथेच होतो.

आपल्या गाडीत केबल तुटलेली असल्याने तिचा खालचा तुकडा डबीतच राहिला असण्याची दाट शक्यता आहे. तो तसाच ठेवून नवी केबल घातल्यास दोन केबली एकमेकींत गुंततात आणि संच खरोखरच जॅम होतो. मग मेकॅनिकचेच म्हणणे खरे ठरते. म्हणून बाहेर आलेला भाग आणि नवी केबल यांची लांबी ताडून पाहावी. फरक दिसला, तर बॅटरीची ऋण तार सोडवून, डिकीतील बाजूचे आच्छादन काढून संच बाहेर घ्यावा लागेल. (बॅटरी सोडवण्यापूर्वी एक सावधगिरी : त्या काळातील अनेक रेडिओंना वीज खंडित झाल्यावर सांकेतिक क्रमांक द्यावा लागतो. तो हाताशी नसेल तर अँटेना दुरुस्त होईल आणि रेडिओ मुका राहील.) डबीचे झाकण स्क्रूंनी बसवलेले असल्यास ते उघडून तुकडा काढावा, जुने घट्ट झालेले ग्रीस पुसावे, गियरचे दाते शाबूत आहेत का ते पाहावे आणि प्लास्टिकला चालणारे ग्रीस अगदी बेताने लावावे. काही संचांची झाकणे रिव्हेट मारून कायमची बंद केलेली असतात. तेथे मात्र उघडण्याचा खटाटोप क्वचितच फळतो.

नवी केबल घालताना केलेल्या खुणेप्रमाणे दाते गियरकडे ठेवून, आत काही टेकल्याची जाणीव होईपर्यंत ती नळीत सोडावी आणि मग साथीदाराला रेडिओ बंद करायला सांगावे. गियरने दाते पकडले की केबल हातातून ओढली जाऊ लागते. तिला फक्त सरळ धरावे, खाली ढकलू नये. मोटार काही सेकंदच फिरते, त्यामुळे पकड बसण्याआधी ती थांबली तर रेडिओ पुन्हा लावून बंद करावा. दोन-तीन वेळा असे करावे लागले तर त्यात वावगे काही नाही. दांडी पूर्ण आत गेल्यावरच नट आवळावा आणि मग दोन-चार वेळा वर-खाली करून चाल पाहावी. दांडी थोडी बाहेर उरली, तर पहिल्या एक-दोन फेऱ्यांत अँटेनाच्या मोटारीतला क्लच (जादा भार आल्यास घसरणारी जोडणी) घसरून ती आपोआप जागेवर येते का, याची वाट पाहावी. तरीही ती उरली, तर केबल लांब आहे असे समजावे.

प्रश्न : माझ्या जुन्या गाडीत नवा स्टीरिओ बसवल्यापासून अँटेना फक्त रेडिओ ऐकताना वर येतो आणि पेन ड्राइव्हवरील गाणी लावली की खाली जातो. हा बिघाड आहे का? तसेच बसवणाऱ्याने अँटेनाची तार थेट निळ्या तारेला जोडली आहे. ते योग्य आहे का?

उत्तर : पहिली गोष्ट बिघाड नसून तशीच रचना आहे. बाजारातील बहुतेक स्टीरिओंना दोन वेगळ्या तारा असतात. निळ्या तारेत केवळ रेडिओ निवडल्यावर १२ व्होल्ट येतात. निळ्या-पांढऱ्या तारेत स्टीरिओ चालू असेपर्यंत येतात, आणि ती मुख्यतः अ‍ॅम्प्लिफायर चालू करण्यासाठी असते. गाणी ऐकताना अँटेना आत राहणे दांडीच्या आयुष्याच्या दृष्टीने चांगलेच आहे, म्हणून ही जोडणी बदलू नये असे आमचे मत आहे.

दुसऱ्या गोष्टीची मात्र तातडीने खात्री करून घ्यावी. निळी तार केवळ इशारा देण्यासाठी असते. तिची क्षमता बहुधा अर्ध्या अँपिअरच्या आतबाहेर असते, तर दांडी ओढणाऱ्या मोटारीला त्याच्या कितीतरी पट प्रवाह लागतो. आपल्या अँटेनाला तीन तारा असतील, म्हणजे एक बॅटरीकडून कायमचा पुरवठा घेणारी, एक अर्थिंगची आणि एक इशाऱ्याची, तर रिले संचातच आहे असे समजावे आणि निळी तार इशाऱ्याच्या तारेला जोडणे अगदी बरोबर आहे. परंतु काही जुन्या संचांत रिले नसतो. मोटारीच्या दोन तारा थेट बाहेर येतात आणि त्यांतील प्रवाहाची दिशा उलटवली की दांडी वर किंवा खाली जाते. अशा मोटारीला निळ्या तारेवरून वीज दिली तर स्टीरिओतील त्या वाटेचा भाग जळतो. तेथे बाहेरून रिलेची जोडणी करणे आणि बॅटरीच्या तारेवर स्वतंत्र फ्यूज घालणे आवश्यक आहे. तारांचे रंग गाडीगणिक बदलतात. म्हणून रंगावर न विसंबता टेस्ट लॅम्प किंवा मल्टिमीटर लावून पाहावे.

प्रश्न : मोटारच बंद पडली आहे. तिच्या जागी आखूड, न हलणारा अँटेना लावला तर रेडिओच्या आवाजात किती फरक पडेल?

उत्तर : मोटार बंद पडली असे ठरवण्यापूर्वी फ्यूज पाहावा आणि रेडिओ लावल्यावर संचाच्या तारांत वीज पोहोचते का ते तपासावे. मडगार्डच्या आतील पत्र्यावर गंज चढून अर्थिंग तुटणे हे मोटार जळण्याइतकेच नेहमीचे कारण आहे, आणि त्यावर उपाय पॉलिश पेपरचा एक तुकडा एवढाच असतो.

मोटार खरोखरच गेली असेल तर स्थिर अँटेना हा कमीपणाचा नव्हे, समंजस पर्याय आहे. फक्त तो आखूड नसावा. एफएमची केंद्रे ८८ ते १०८ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात असतात. १०० मेगाहर्ट्झला लहरीची लांबी ३ मीटर भरते आणि तिचा चौथा हिस्सा, म्हणजे सुमारे ७५ सेंटिमीटर, ही दांडीची सोयीची लांबी ठरते. पॉवर अँटेनाच्या अनेक दांड्या पूर्ण उघडल्यावर याच्या आसपास भरतात, तो योगायोग नव्हे. वीतभराच्या साध्या दांडीवर जवळची एफएम केंद्रे ऐकू येतील, दूरची मात्र खरखरतील. मध्यम लहरींवर, म्हणजे एएमवर, फरक याहून जास्त जाणवतो. तेथे लहरीची लांबी शेकडो मीटर असते, गाडीवरची कोणतीही दांडी तिच्यापुढे नगण्यच ठरते आणि म्हणूनच तिचा प्रत्येक सेंटिमीटर मोलाचा असतो. आखूड दांडीच्या बुडाशी अ‍ॅम्प्लिफायर असलेले अँटेना मिळतात. ते काही प्रमाणात भरपाई करतात, पण त्यांनाही १२ व्होल्टची तार द्यावी लागते. ती न जोडल्यास रेडिओ पूर्वीपेक्षाही वाईट वाजतो, आणि दोष अँटेनाच्या माथी येतो.

कोणताही नवा अँटेना बसवताना मडगार्डच्या छिद्राच्या खालच्या बाजूचा रंग थोडा खरवडून धातूला धातू लागू द्यावा, मग त्यावर गंजरोधक लावावे. रेडिओकडे जाणाऱ्या केबलच्या मधल्या तारेचा आणि बाहेरच्या जाळीचा परस्परांशी संपर्क नाही ना, तसेच मधली तार दांडीच्या टोकापर्यंत अखंड आहे ना, हे मल्टिमीटरने पाहता येते. साध्या दांडीला ही कसोटी पुरते. अ‍ॅम्प्लिफायर असलेल्या अँटेनाला ती लागू नाही.

प्रश्न : पॉवर अँटेनाच्या दांडीला तेल किंवा ग्रीस लावावे का?

उत्तर : ग्रीस लावू नये. त्यावर धूळ चिकटते, दांडी आत जाताना ती धूळ नळ्यांच्या फटींत ओढली जाते आणि मोटारीवरचा भार वाढतो. दांडी पूर्ण वर असताना कोरड्या फडक्याने पुसावी, मग हलक्या तेलाने किंचित ओलसर केलेले फडके तिच्यावरून फिरवावे आणि जादा तेल टिपून घ्यावे. वाकलेली दांडी सरळ करून वापरत राहण्याचा मोह टाळावा. नळीला एकदा पोचा आला की ती प्रत्येक फेरीत अडते आणि अखेर केबल तोडते. गाडी यंत्राने धुण्यापूर्वी रेडिओ बंद करून दांडी आत गेल्याची खात्री करावी.

रेडिओ बंद केल्यावरही मोटार थांबत नसेल, तर रिलेचे संपर्क चिकटले असावेत. अशा वेळी लगेच फ्यूज काढावा, अन्यथा मोटार तापून जळेल किंवा बॅटरी उतरेल. शिवाय संचाच्या बुडाशी पाणी बाहेर जाण्यासाठी रबराची एक बारीक नळी असते. ती चिखलाने बुजली की दांडीवरून उतरलेले पाणी डबीत साठते आणि मोटार आतून गंजते. त्यामुळे संच कोणत्याही कारणाने उघडा पडलाच, तर ही नळी काढून पाणी सोडून पाहावे आणि परत बसवताना तिचे खालचे टोक गाडीच्या बाहेर निघाले आहे याची खात्री करावी.