ऑप्टोमेट्रीला जायचंय ना, मग फिजिक्स शेवटी ठेवू नका

न्यू जर्सीहून एका आईचं पत्र आलंय. लेक कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला, मेजर म्हणजे मुख्य विषय सायकॉलॉजी, पहिल्या वर्षी बायो आणि जनरल केमिस्ट्री झालंय, आत्ता ऑर्गॅनिक केमिस्ट्रीचा पहिला भाग, ऑर्गॅनिक वन, चालू आहे, आणि दिवाळीत घरी आली तेव्हा फराळ करता करता तिने सांगून टाकलं की मला ऑप्टोमेट्रिस्ट व्हायचंय. बाबा म्हणतात मग आधी मेजर बदल, बायो घे. आजी नाशिकहून फोनवर विचारतायत की म्हणजे ही चष्म्याच्या दुकानात बसणार का. आणि आईचा प्रश्न असा की पुढच्या सेमिस्टरचं रजिस्ट्रेशन तोंडावर आलंय, तर घ्यायचं काय.

ताई, आधी आजींना उत्तर देऊया, कारण असा प्रश्न घरात लटकत राहिला की पोरगी ऑर्गॅनिकपेक्षा त्याच्याशीच झगडत बसते. इथे अमेरिकेत ऑप्टोमेट्री म्हणजे कॉलेज झाल्यावर पुढे आणखी ४ वर्षांचं शिक्षण, शेवटी ओडी म्हणजे डॉक्टर ऑफ ऑप्टोमेट्री ही डिग्री, मग नॅशनल बोर्डाच्या परीक्षा आणि राज्याचं लायसन्स. नंबर काढणं तर आहेच, पण काचबिंदूवर औषध देणं, डायबेटिसवाल्यांचा पडदा तपासणं, लहान मुलांचा आळशी डोळा शोधणं, हेही काम तिचंच. मोतीबिंदूचं ऑपरेशन मात्र ऑफ्थॅल्मॉलॉजिस्ट करतात, तो एमडीचा रस्ता वेगळा. आजींना एवढंच सांगा की नात डोळ्यांची डॉक्टर होणार आहे, सर्जन नाही. आणि कुणी नातेवाईक म्हणेल की पुण्याला बी.ऑप्टोम करू दे, स्वस्तात होईल, तर तो कोर्स तिकडे काम करायला चांगला आहे, पण त्यावर इथलं लायसन्स मिळत नाही, त्यासाठी इथली मान्यताप्राप्त ओडीच लागते.

आता मेजर. बाबांना सांगा, सायकॉलॉजी राहू दे. ऑप्टोमेट्री स्कूलं मेजर बघून घेत नाहीत, प्रीरेक्विझिट्स, म्हणजे प्रवेशाआधी करावे लागणारे विषय, झालेत का आणि ग्रेड काय आहेत ते बघतात, आणि सायकॉलॉजी तर बऱ्याच स्कूलांच्या यादीत स्वतःच एक प्रीरेक्विझिट आहे. आवडीच्या विषयात ए मिळवणारी मुलगी बळंच बायो मेजर घेऊन बी-मायनसवर आली तर तिचं नुकसानच आहे. प्रीरेक्विझिट्सची साधारण यादी अशी असते, लॅबसकट एक वर्ष बायो, एक वर्ष जनरल केमिस्ट्री, एक वर्ष फिजिक्स, ऑर्गॅनिक कुठे एक सेमिस्टर कुठे दोन, मग मायक्रोबायॉलॉजी, बायोकेमिस्ट्री, अ‍ॅनाटॉमी, फिजिऑलॉजी, कॅल्क्युलस, स्टॅट्स, इंग्लिश. पण प्रत्येक स्कूलचं थोडं थोडं वेगळं असतं. म्हणून आत्ताच सहा-सात स्कूलं निवडून त्यांच्या याद्या शेजारी शेजारी ठेवा आणि सगळ्यात कडक यादी असेल ती धरून चाला. न्यू जर्सीत ऑप्टोमेट्रीचं स्कूल नाही, त्यामुळे तुमच्या यादीत न्यूयॉर्कचं ४२व्या स्ट्रीटवरचं सनी, म्हणजे तिथल्या स्टेट युनिव्हर्सिटीचं ऑप्टोमेट्री कॉलेज, असेलच, बॉस्टन, ओहायो स्टेट, इंडियाना, शिकागो हीही बघा, आणि सरकारी स्कूलमध्ये त्या राज्याच्या रहिवाशाला फी कमी आणि बाहेरच्याला जास्त असते हे पैशाचं गणित मांडताना धरा. खासगी स्कूलमध्ये चार वर्षांची नुसती फीच दीड लाख डॉलरच्या पुढे सहज जाते, तेव्हा हे बोलणं तिच्यासमोर बसून आत्ताच करा, अ‍ॅडमिशनचं पत्र हातात आल्यावर नको.

तिने हायस्कूलमध्ये एपी बायो, म्हणजे कॉलेजच्या पातळीचा बायो कोर्स, केलंय आणि त्याची क्रेडिट्स कॉलेजने दिलीत असं तुम्ही लिहिलंय. कॉलेजने दिली म्हणून ऑप्टोमेट्री स्कूल धरेलच असं नाही. काही ठिकाणी एपीवर सायन्स चालत नाही, काही ठिकाणी त्याच्या वरचा कोर्स केला तर चालतं. तिने पहिल्या वर्षी बायो परत घेतलंय हे चांगलंच झालं. इंग्लिशच्या एपीचं मात्र एकेका स्कूलला ईमेल टाकून विचारा आणि उत्तर जपून ठेवा.

आता खरा मुद्दा, ज्यासाठी मी हे एवढं लांबण लावलंय. तुमच्या पत्रात फिजिक्सचा उल्लेख शेवटच्या ओळीत आहे, फिजिक्स सीनियर इयरला, म्हणजे चौथ्या वर्षी, घेईन म्हणते. ताई, नको. अगदी हात जोडून सांगते, नको.

डेंटलला जाणाऱ्या मुलांच्या डॅट परीक्षेत फिजिक्सचा भाग नसतो, पण ऑप्टोमेट्रीच्या प्रवेशपरीक्षेत, ओएटीत, असतो, ४० प्रश्न ५० मिनिटांत. बाकी सायन्सचे १०० प्रश्न ९० मिनिटांत, त्यात बायोचे ४०, जनरल केमिस्ट्रीचे ३०, ऑर्गॅनिकचे ३०. त्याशिवाय गणित आणि वाचन. ही परीक्षा तिने द्यायची कधी? कॉलेज संपल्या संपल्या ओडी सुरू करायची असेल तर ज्युनियर आणि सीनियर, म्हणजे तिसऱ्या आणि चौथ्या वर्षाच्या मधल्या उन्हाळ्यात ऑप्टोमकॅसवर, म्हणजे ऑप्टोमेट्री स्कूलांना अर्ज करायच्या सामाईक वेबसाइटवर, अर्ज भरायचा असतो, आणि बहुतेक स्कूलं अर्ज येतील तसतसे बघत जागा भरत जातात, म्हणजे उशिरा येणाऱ्याला उरलेल्या जागा. म्हणजे ओएटी त्याच उन्हाळ्याच्या सुरुवातीला. म्हणजे फिजिक्स त्याआधी पूर्ण हवं. आणि त्यातही गोम अशी आहे की ज्या प्रकरणासाठी आपण सगळं करतोय ते ऑप्टिक्स, म्हणजे आरसे, भिंगं, वक्रीभवन, ते बहुतेक कॉलेजांत फिजिक्स टूच्या अगदी शेवटच्या काही आठवड्यांत येतं, जेव्हा मुलं फायनल्सच्या धास्तीत असतात आणि प्रोफेसरही घाईत असतात.

माझं स्वतःचं असंच झालं. फिजिक्सची भीती वाटायची म्हणून ढकलत ढकलत शेवटच्या वर्षावर नेलं, कॉलेजच्या अ‍ॅडव्हायझरनेही चालेल म्हणून सही दिली, आणि मी ऑप्टिक्सचा एक तास न बसता पुस्तकं वाचून जुलैत ओएटी दिली. फिजिक्सचा स्कोअर इतका कमी आला की त्या वर्षी कुठूनच इंटरव्ह्यूला बोलावणं नाही. पूर्ण वर्ष गेलं. आई सांगलीहून फोन करायची आणि मी काय सांगायचं ते ठरवून मग फोन उचलायची. ते वर्ष तुमच्या मुलीचं जाऊ नये असं मला मनापासून वाटतं.

आणि ऑप्टिक्स एवढं महत्त्वाचं का, तर घरातच करून बघा. तुमच्याकडे कुणाला उणे ४ नंबर असेल तर त्यांना चष्मा काढायला सांगा आणि पेपर हळूहळू जवळ आणा, साधारण एक वीतभर अंतरावर आला की अक्षरं स्वच्छ दिसायला लागतात. १ भागिले ४, म्हणजे पाव मीटर, २५ सेंटीमीटर. नंबर म्हणजे दुसरं काही नाही, मीटरमधल्या अंतराचा उलटा आकडा. ओडीच्या पहिल्या वर्षी याच्यावरच सगळी इमारत चढते, आणि ज्याचा पाया कच्चा त्याला तिथे फार जड जातं.

तर रजिस्ट्रेशनचं असं करा. स्प्रिंगला फिजिक्स वन मिळत असेल तर ते घ्या, कॅल्क्युलस न लागणारं, अल्जेब्रावालं फिजिक्स बहुतेक ठिकाणी चालतं पण यादीत बघून घ्या, सोबत ऑर्गॅनिक टू आणि एखादा हलका विषय, स्टॅट्स वगैरे. ऑर्गॅनिक टू काही स्कूलं मागत नाहीत तरी घ्याच, कारण ओएटीचे ते ३० प्रश्न एका सेमिस्टरवर निभत नाहीत. दोन लॅब झाल्या की तिसरी घालू नका, अ‍ॅनाटॉमी अजिबात नको. ज्युनियर फॉलला फिजिक्स टू, म्हणजे ऑप्टिक्स नोव्हेंबरच्या आसपास होतं आणि उजळणीला हिवाळा मिळतो. त्याच वर्षी मायक्रो आणि कॅल्क्युलस. बायोकेम आणि फिजिऑलॉजी सीनियर इयरला चालू असतानाही अर्ज करता येतो, फक्त ओडी सुरू व्हायच्या आत ते संपवावे लागतात. उन्हाळ्यात सहा आठवड्यांत अख्खं फिजिक्स उरकायच्या मोहात पडू नका, डोक्यात काही राहत नाही.

हे बाकीचे विषय नुसते अडथळे आहेत असं तिला वाटू देऊ नका. डायबेटिस असलेले काका परवा नवा चष्मा करून आले आणि पंधरा दिवसांत म्हणाले, नंबर चुकीचा काढला. नंबर बरोबरच होता, पण त्या दिवशी साखर वाढलेली होती, त्यामुळे डोळ्यातलं भिंग पाणी धरून फुगतं आणि नंबर सरकतो, साखर आटोक्यात आली की परत येतो. हे कळायला बायोकेम लागतं. कॉन्टॅक्ट लेन्स नळाच्या पाण्याने धुणाऱ्याच्या बुबुळाला काय होऊ शकतं ते मायक्रोत कळतं. आपल्या घराघरांत डायबेटिस आहे, त्यामुळे मराठी पोरीला हे लवकर जवळचं वाटेल.

या हिवाळी सुट्टीत तिला एखाद्या ऑप्टोमेट्रिस्टकडे शॅडोइंगला, म्हणजे सोबत राहून काम बघायला, पाठवा, शक्यतो दोन वेगळ्या ठिकाणी, एक साधं खासगी क्लिनिक आणि एक हॉस्पिटलातलं. तास आणि तारखा वहीत लिहून ठेवू दे, अर्जात लागतात, आणि अर्जासाठी शिफारसपत्रही तिथूनच मिळेल. एखाद्या विषयात सी आला तर तो परत घ्यायचा की नाही हे घाईत ठरवू नका, ऑप्टोमकॅस दोन्ही ग्रेड धरतं, पहिला पुसला जात नाही. सी-मायनस किंवा खाली असेल तर मात्र बऱ्याच ठिकाणी परत घ्यावाच लागतो.

फिजिक्स टूचा सिलॅबस हातात आला की ऑप्टिक्स कितव्या आठवड्यात आहे ते तिला बघायला सांगा, आणि शेवटच्या आठवड्यात असेल तर मला लिहा, मग हिवाळ्यातल्या उजळणीचा तक्ता आपण तिघी बसून करू.