‘हनुमान’ (2024) अंगणात पडद्यावर पोरांना दाखवण्यासारखा आहे का?

प्रश्न दारव्हा तालुक्यातल्या खेड्यातून आलाय. माझं उत्तर: नक्की दाखवा, पण मोबाइलवर नको, पडद्यावरच.

प्रशांत वर्मांच्या या तेलुगू चित्रपटाची खरी ताकद त्याचं गाव आहे. अंजनाद्री काल्पनिक आहे, पण डोंगरातली मारुतीची प्रचंड मूर्ती, पाळेगाराची, म्हणजे गावावर सत्ता गाजवणाऱ्याची, दहशत, मुकाट सोसणारी माणसं हे आपल्या पोरांना समजावून सांगावं लागत नाही. गावोगावी वेशीवर मारुती असलेल्या मुलखात शेवटचा भाग अंगावर काटा आणतो. मोठ्या हिंदी चित्रपटांच्या मानाने कमी पैशात हे उभं केलंय, याचं मला मनापासून कौतुक वाटतं. नायकाला शक्ती देणारा मणी फक्त उन्हात काम करतो, ही कल्पना तर फारच छान. त्यामुळे रात्र झाली की खरी भीती वाटते.

खलनायक मात्र कच्चा आहे. लहानपणी सुपरहिरो होण्याच्या वेडापायी तो आईवडिलांचा जीव घेतो, इतकी भयंकर सुरुवात करून पुढे त्याला नुसतं यंत्रं आणि बंदुका देऊन सोडलंय. अडीच तासांहून जास्त लांबी मध्येच जाणवते. नायिकेला काम थोडं. नायकाची बहीण झालेली वरलक्ष्मी शरतकुमार त्यापेक्षा कितीतरी लक्षात राहते.

मारामारीत रक्त आहे, म्हणून अगदी लहानग्यांना जवळ घेऊन बसा. अंधार पडल्यावरच सुरू करा, आणि आवाजासाठी वेगळा स्पीकर लावाच.