एचडीएमआयवर ‘नो सिग्नल’: आधी पोर्ट कोणत्या कार्डाचं आहे ते शोधा

तुमची अडचण मला अशी समजली. लॅपटॉपमध्ये इंटेलचं अंगभूत ग्राफिक्स आणि सोबत एनव्हिडियाचं जीटीएक्स १६५०. उबुंटू लिनक्स २४.०४, बाहेरचा २४ इंची मॉनिटर एचडीएमआयवर. अपडेटमध्ये कर्नल (सिस्टिमचा गाभा) ६.८ वरून ६.१४ वर गेलं आणि पडदा काळा झाला. कुणीतरी सांगितलं म्हणून ग्रबमध्ये (सुरुवातीला कर्नल लोड करणाऱ्या प्रोग्राममध्ये) ‘नोमोडसेट’ टाकलं. लॅपटॉपचा पडदा परत आला, पण मॉनिटरवर ‘नो सिग्नल’. नागपूरच्या बर्डीवरून नवी केबल आणली तरी तेच. शिवाय या सगळ्याच्या आधीपासून खोलीतल्या हवेच्या कूलरचं बटण दाबलं की मॉनिटर दोन सेकंद काळा व्हायचा.

कूलरची गोष्ट वेगळी आहे, तिच्याकडे शेवटी येतो. बाकी सगळं ड्रायव्हरचं (कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचं) आहे आणि केबलचा त्यात काही दोष दिसत नाही. कमांड मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितोय. टर्मिनलमध्ये (कमांड द्यायच्या खिडकीत) त्या इंग्रजी लहान लिपीत टाइप करा, फक्त ‘एचडीएमआय-ए’ कॅपिटलमध्ये.

सगळ्यात आधी ‘नोमोडसेट’ काढायचं. पडदा काळा झाला की हा शब्द टाकायला सगळे सांगतात, नंतर काढायला मात्र कुणी सांगत नाही. पडद्याचं रिझोल्यूशन ठरवणं आणि कोणत्या पोर्टला काय जोडलंय ते बघणं हे काम कर्नलमधला ग्राफिक्स ड्रायव्हर करतो. ‘नोमोडसेट’ त्यालाच थांबवतो. मग मशीन सुरू होताना फर्मवेअरने (मदरबोर्डवरच्या मूळ सॉफ्टवेअरने) जो एक पडदा चालू केला असेल तेवढ्यावरच सिस्टिम चालते. म्हणजे हा शब्द आहे तोवर दुसरा मॉनिटर लागणारच नाही, केबल कितीही बदला. ‘कॅट /प्रॉक/सीएमडीलाइन’ चालवा, ओळीत तो शब्द दिसेल. ‘/ईटीसी/डीफॉल्ट/ग्रब’ या फाइलमधल्या ‘ग्रब सीएमडीलाइन लिनक्स डीफॉल्ट’च्या ओळीतून तो खोडा, फक्त ‘क्वाएट स्प्लॅश’ राहू द्या आणि ‘सुडो अपडेट-ग्रब’ चालवा. मशीन लगेच रीस्टार्ट करू नका, आधी खालचं सगळं वाचून घ्या. रीस्टार्टनंतर पुन्हा काळा पडदा आलाच, तर मशीन सुरू होताना एस्केप दाबून ग्रबचा मेनू उघडा आणि ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधून जुनं ६.८ कर्नल निवडा. ते अजून डिस्कवर असेल, उबुंटू आधीचं कर्नल सहसा ठेवतो.

आता मुख्य मुद्दा. दोन कार्डांच्या लॅपटॉपमध्ये प्रत्येक पोर्टची तार मदरबोर्डवर एका ठरावीक कार्डाकडे गेलेली असते. आतला पडदा बहुधा इंटेलकडे असतो. गेमिंग धाटणीच्या लॅपटॉपमध्ये एचडीएमआय बऱ्याचदा थेट एनव्हिडियाकडे असतं. टाइप-सी पोर्ट कधी याच्याकडे, कधी त्याच्याकडे, आणि काही टाइप-सी पोर्टमधून चित्र निघतच नाही, फक्त चार्जिंग आणि डेटा. एचडीएमआय एनव्हिडियाच्या ताब्यात असेल आणि एनव्हिडियाचा ड्रायव्हर लोड झालेला नसेल, तर ते पोर्ट सिस्टिमसाठी नसल्यात जमा. आतला पडदा मात्र झकास चालतो, त्यामुळे माणूस केबलवर संशय घेत बसतो.

हे तपासायला दोन मिनिटं लागतात. ‘एलएस /सिस/क्लास/डीआरएम’ चालवा. ‘कार्ड१-ईडीपी-१’, ‘कार्ड२-एचडीएमआय-ए-१’ अशी नावं दिसतील. ईडीपी म्हणजे आतला पडदा. एचडीएमआयच्या आधी कार्डाचा आकडा ईडीपीपेक्षा वेगळा असेल, तर पोर्ट दुसऱ्या कार्डाचं. नुसत्या आकड्यावरून इंटेल कोणतं आणि एनव्हिडिया कोणतं ते ठरवू नका. बूटनुसार आकडे बदलतात आणि नव्या कर्नलमध्ये शून्य क्रमांक बऱ्याचदा रिकामाच असतो. ‘रीडलिंक /सिस/क्लास/डीआरएम/कार्ड२/डिव्हाइस/ड्रायव्हर’ हे ड्रायव्हरचं नाव दाखवतं: शेवटी ‘आय९१५’ असेल तर इंटेल, ‘एनव्हिडिया’ असेल तर एनव्हिडिया. यादीत एचडीएमआयचं नावच नसेल, तर पोर्ट एनव्हिडियाचं आहे आणि तिचा ड्रायव्हर लोड नाही, असं जवळपास खात्रीने म्हणता येईल. मला वाटतं तुमचं हेच झालंय. ही तपासणी ‘नोमोडसेट’ काढून बूट केल्यावरच करा, नाहीतर यादी अर्धवट येईल.

आणखी एक खूण आहे. ‘एलएसपीसीआय -के’च्या यादीत एनव्हिडियाच्या कार्डापुढे ‘व्हीजीए कम्पॅटिबल कंट्रोलर’ आहे की ‘थ्रीडी कंट्रोलर’ ते बघा. थ्रीडी कंट्रोलर असेल तर त्या कार्डाला बहुधा एकही पोर्ट जोडलेलं नसतं. मग सगळी पोर्ट इंटेलची असतात आणि शोधाची दिशाच बदलते. त्याच यादीत खाली ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ अशी ओळ असते. एनव्हिडियाखाली ती ओळच नसेल तर कार्ड बेवारस पडलंय.

पुढे ‘प्राइम-सिलेक्ट क्वेरी’ चालवा, कोणत्या कार्डाचा मोड निवडलाय ते कळतं. उत्तर ‘इंटेल’ आलं तर तिथेच थांबा. या मोडमध्ये बॅटरी वाचवायला एनव्हिडियाचं कार्ड पूर्ण बंद ठेवलेलं असतं, म्हणजे त्याचं एचडीएमआयही बंद. ‘सुडो प्राइम-सिलेक्ट ऑन-डिमांड’ करून रीस्टार्ट करा. उत्तर ‘एनव्हिडिया’ असेल आणि ड्रायव्हर लोड नसेल, तर काळ्या पडद्याचं कारणही तिथेच सापडलं. त्यावरही ऑन-डिमांडच करा, म्हणजे ड्रायव्हर बिघडला तरी आतला पडदा इंटेलवर चालत राहतो.

आता ड्रायव्हर. ‘एनव्हिडिया-एसएमआय’ चालवल्यावर कोणता संदेश येतो त्यावर बरंच ठरतं. ‘ड्रायव्हर/लायब्ररी व्हर्जन मिसमॅच’ आलं तर घाबरू नका: लायब्ऱ्या नव्या झाल्या, मेमरीत मोड्यूल (ड्रायव्हरचा कर्नलमध्ये बसणारा भाग) जुनंच आहे. रीस्टार्ट केलं की झालं. ‘कुडन्ट कम्युनिकेट विथ द एनव्हिडिया ड्रायव्हर’ आलं तर मोड्यूल लोडच झालेलं नाही, आणि त्याची मुख्य कारणं दोन.

पहिलं कारण: नव्या कर्नलसाठी मोड्यूल तयारच झालं नाही. एनव्हिडियाचं मोड्यूल प्रत्येक कर्नलसाठी वेगळं लागतं. उबुंटू ते आधीच बांधून देतो, किंवा डीकेएमएस ते तुमच्या मशीनवर बांधतं. ‘डीकेएमएस स्टेटस’मध्ये ६.१४ पुढे ‘इन्स्टॉल्ड’ दिसायला हवं. फक्त ६.८ दिसत असेल, तर बहुधा नव्या कर्नलचे हेडर्स (मोड्यूल बांधायला लागणाऱ्या फाइली) नाहीत. ‘सुडो एपीटी इन्स्टॉल लिनक्स-हेडर्स-जेनेरिक-एचडब्ल्यूई-२४.०४’ करा. यादी पूर्ण रिकामी असेल तर तुमच्याकडे आधीच बांधलेली मोड्यूलं आहेत आणि नव्या कर्नलची जोडी आलेली नाही. दोन्ही वेळा ‘सुडो उबुंटू-ड्रायव्हर्स इन्स्टॉल’ सहसा पुरतं, कार्डाला आणि कर्नलला जुळणारं पॅकेज ते स्वतः निवडतं. कधीतरी एनव्हिडियाच्या साइटवरून ‘डॉट रन’ फाइल उतरवून ड्रायव्हर टाकला होता का, ते आठवून बघा. टाकला असेल तर तीच फाइल ‘--अनइन्स्टॉल’ लावून चालवा आणि मगच एपीटीकडे (उबुंटूच्या पॅकेज-व्यवस्थेकडे) वळा. दोन्ही एकावर एक राहिले की फाइली एकमेकांवर लिहिल्या जातात आणि पुढच्या प्रत्येक अपडेटला हाच त्रास होतो.

व्हर्जनबद्दल थोडं, कारण हा धागा इतरही वाचतील. १६५० ट्युरिंग पिढीचं आहे. त्याला एनव्हिडियाचं बंद मोड्यूलही चालतं आणि खुलं (ओपन सोर्स) मोड्यूलही. आरटीएक्स ५० मालिकेला मात्र खुलंच लागतं. जीटीएक्स १०५० किंवा १०६० वाल्यांनी ‘ओपन’ नावाचं पॅकेज टाकू नये, पास्कल पिढीला ते चालत नाही, आणि त्यांच्यासाठी ५८० ही ड्रायव्हरची शेवटची शाखा आहे.

दुसरं कारण सिक्युअर बूट, म्हणजे ओळखीची सही नसलेलं सॉफ्टवेअर अडवणारी सोय. ‘मोकयुटिल --एसबी-स्टेट’ म्हणाला ‘एनेबल्ड’, आणि ‘सुडो मॉडप्रोब एनव्हिडिया’वर ‘की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस’ आलं, तर मोड्यूल तयार आहे पण त्याच्यावरची सही कर्नलला मान्य नाही. ड्रायव्हर टाकताना एक पासवर्ड मागितला जातो. पुढच्या बूटला निळा पडदा येतो. तिथे काही सेकंदांत एखादी कळ दाबली नाही, तर तो निघून जातो आणि सही नोंदवायची राहते. बहुतेकांचं इथेच फसतं. पुन्हा आणायला ‘सुडो मोकयुटिल --इम्पोर्ट /व्हार/लिब/शिम-साइन्ड/मोक/मोक.डेर’ चालवा (शेवटच्या फाइलच्या नावात ‘मोक’ कॅपिटलमध्ये), साधा पासवर्ड द्या, रीस्टार्ट करा. निळ्या पडद्यावर ‘एनरोल मोक’, ‘कंटिन्यू’, ‘येस’, मग तोच पासवर्ड. सिक्युअर बूट बंद करूनही काम होतं, पण सोबत विंडोज आणि बिटलॉकर (विंडोजचं डिस्कचं कुलूप) असेल तर पुढच्या वेळी ते रिकव्हरी की मागेल. सही नोंदवणंच बरं.

इतकं झालं की मॉनिटर लागायला हवा. तरी नाहीच लागला, तर उबुंटूच्या लाइव्ह पेनड्राइव्हवरून बूट करून बघा. तिथे मॉनिटर लागला तर पोर्ट आणि केबल दोन्ही ठणठणीत आहेत.

मॉनिटर लागला पण रिझोल्यूशन १०२४ गुणिले ७६८ वरच अडकलं, असंही होऊ शकतं. मॉनिटर आपली क्षमता ईडीआयडी नावाच्या छोट्या तक्त्यात सांगतो, १२८ किंवा २५६ बाइटचा. तो एचडीएमआयच्या १५ आणि १६ क्रमांकाच्या पिनांवरून वाचला जातो. त्यातली एक पिन जरी सैल असली, तरी चित्र येतं पण तक्ता येत नाही. ‘कॅट /सिस/क्लास/डीआरएम/कार्ड२-एचडीएमआय-ए-१/ईडीआयडी | डब्ल्यूसी -सी’ चालवून आकडा बघा, शून्य आला तर तक्ता पोचलेला नाही. ‘एलएस -एल’ने बघू नका: ती फाइल भरलेली असली तरी तिथे शून्यच दिसतं आणि चांगल्या केबली फेकल्या जातात. मधे व्हीजीएचा स्वस्त अडॅप्टर असेल तर आधी तो काढा.

मोड (रिझोल्यूशन आणि त्याचा वेग) हाताने घालायची वेळ आलीच, तर ‘सीव्हीटी १९२० १०८० ६०’ जे देतं ते तसंच उचलू नका. त्यात पिक्सेल क्लॉक (पिक्सेल पाठवण्याचा वेग) १७३ मेगाहर्ट्झ येतं, आणि बऱ्याच जुन्या पोर्टांची व अडॅप्टरांची मर्यादा १६५ आहे. मग मोड घातला जातो, निवडलाही जातो, आणि पडदा काळाच राहतो. ‘सीव्हीटी -आर’ लावलं की तोच मोड १३८.५ मध्ये बसतो. हे ‘एक्सरँडर’ने घालता येतं, पण फक्त एक्सऑर्गच्या (पडद्यावर चित्र काढणाऱ्या जुन्या व्यवस्थेच्या) सत्रात. वेलँड या नव्या व्यवस्थेत त्याचा उपयोग नाही.

आता कूलर. कूलरची मोटर आणि पंप सुरू-बंद होताना स्विचमध्ये ठिणगी उडते आणि लाइनवर तीव्र झटका जातो. पातळ, कमी शील्डिंगची एचडीएमआय केबल तो झटका उचलते, सिग्नल क्षणभर तुटतो आणि मॉनिटर नव्याने जुळणी करायला घेतो. तेच ते दोन सेकंद. त्यामुळे ड्रायव्हर बदलून हे जाणार नाही. कूलर आणि मॉनिटर एकाच एक्स्टेंशन बोर्डवर असतील तर आधी ते वेगळे करा, शक्य असेल तर भिंतीवरच्या वेगळ्या सॉकेटवर. केबल दीड मीटरची, जाड, दोन्ही टोकांना फेराइटचा गोळा असलेली घ्या, आणि कूलरच्या वायरीला समांतर पडू देऊ नका. जुन्या घरांत तीन पिनांचं सॉकेट असतं पण आत अर्थिंगची तार जोडलेली नसते. वायरमनला बोलावून तेवढं तपासून घ्या, स्वतः सॉकेट उघडू नका.

आणि लाइट जाऊन आली की मॉनिटर परत लागत नाही ही तक्रार नागपुरात उन्हाळ्यात पुष्कळांची असते. लॅपटॉप बॅटरीवर चालूच राहतो, मॉनिटर बंद पडून नव्याने उठतो, आणि ‘मी आलो’ हा त्याचा इशारा एखाद्या वेळी हुकतो. मॉनिटरची पॉवर केबल काढून अर्धा मिनिट थांबा, मग लावा. तेवढ्याने नाही झालं तर एचडीएमआय काढून लावा.

हे करूनही अडलं तर ‘एलएसपीसीआय -के’, ‘डीकेएमएस स्टेटस’, ‘/सिस/क्लास/डीआरएम’ची यादी आणि ‘जर्नलसीटीएल -बी -के | ग्रेप -आय एनव्हिडिया’ या चारांचं पूर्ण आउटपुट इथे टाका. फोटो नको, मजकूर कॉपी करून.