वॉल्ट्झ आणि आपलं वळणं

प्रश्न असा आला आहे: वॉल्ट्झ म्हणजे संथ, हळवी धून हे बरोबर का, आणि 'ब्लू डॅन्यूब', 'मिनिट वॉल्ट्झ' असली नावं संगीतकारांना सुचत कशी?

संथ मुळीच नाही. पियानोवरच्या कुठल्याही हळव्या तुकड्याला वॉल्ट्झ म्हणायची सवय लागली आहे, ती कानाला टोचते. व्हिएन्नाचा वॉल्ट्झ तीन ठोक्यांचा आणि चांगला वेगवान. नाचणारी जोडी सतत गरगरत असते. 'दादरा म्हणजे आपला वॉल्ट्झ' हेही कृपा करून थांबवा. दादऱ्याचं आवर्तन सहा मात्रांचं, त्याची चाल वेगळी.

आता शब्दाकडे. जर्मन 'वाल्त्सर' आला 'वाल्त्सन' या क्रियापदावरून: गोल फिरणं, लोळणं, रूळ फिरवणं. (त्यातला 'त्स' म्हणजे आपल्या 'चमचा'तला च. इतका सोपा उच्चार मराठी माणसाने 'ट्झ' करून का बिघडवावा?) गावोगाव काम करत हिंडणारा जर्मन सुतार आजही 'वाल्त्स'वर असतो. लॅटिनमधलं 'व्होल्वेरे' याच कुळातलं, आणि माझ्या मते संस्कृतातले 'वल्', 'वलय' आणि आपलं 'वळणं'सुद्धा. आपण कोपऱ्यावर वळतो, तसेच लाडू वळतो, वाती वळतो, दोरी वळतो. स्वतः फिरणं आणि हाताखाली फिरवून गोल करणं, दोन्ही अर्थ एकाच क्रियापदात. जर्मनांनीही ते असेच एकत्र ठेवले. मला तर ध्वनिसाम्यापेक्षा हे अर्थांचं जोडपंच अधिक बोलकं वाटतं.

काही फ्रेंच लेखकांनी वॉल्ट्झ हा दक्षिण फ्रान्समधल्या प्रोव्हान्सच्या 'व्होल्टा' नाचातून निघाला असं ठासून सांगितलं, आणि ते अजून उतरवून घेतलं जातं. मला हे साफ अमान्य आहे. 'व्होल्टा' त्याच 'व्होल्वेरे'च्या घरचा, म्हणून शब्द सारखे वाटतात. चुलत बहिणीला आई ठरवायचं कारण नाही. वॉल्ट्झचे खरे पूर्वज दक्षिण जर्मनी-ऑस्ट्रियातले खेड्यांचे नाच, 'लेंडलर' आणि 'डॉइचे'. मोझार्टने लिहिले ते 'डॉइचे', म्हणजे जर्मन नाच. व्हिएन्नाचा संगीतकार शुबर्टही हस्तलिखितात बऱ्याचदा तेच लिहायचा.

मग नावं? पुष्कळदा प्रकाशकांची. शुबर्टच्या 1821 सालच्या ओपस (म्हणजे छापील रचनांचा क्रमांक) 9 मधला दुसरा नाच 'ट्राउअरवाल्त्सर', शोकाचा वॉल्ट्झ, म्हणून गाजला. ते नाव त्याने दिलेलं नव्हतं. 'व्हाल्स साँतिमाँताल' (भावुक वॉल्ट्झ) आणि 'व्हाल्स नोब्ल' (उमदे वॉल्ट्झ) ही फ्रेंच शीर्षकंही व्हिएन्नाच्या प्रकाशकांची. 1911 मध्ये फ्रेंच संगीतकार राव्हेलने तीच दोन जोडून आपल्या रचनेला दिली. पियानोचा संगीतकार शोपँ नुसतं 'व्हाल्स' लिहायचा, फार तर 'ग्रांद व्हाल्स ब्रियाँत', म्हणजे मोठा झगमगता वॉल्ट्झ. लंडनच्या प्रकाशकाने त्याच्या ओपस 18 वर 'नाचाचं आमंत्रण' असं शीर्षक चिकटवलं. असल्या नावांचा त्याला तिटकारा होता. 'मिनिट'ही त्याचं नाही. 1847 मध्ये छापलेली ही रचना धडपणे वाजवली तर दीड-दोन मिनिटं घेते.

व्हिएन्नाच्या स्ट्राउस या संगीतकार घराण्याची रीत निराळी. तिथे नाव ठरायचं बॉल, म्हणजे नाचाचा समारंभ, कोणाचा यावर. योहान स्ट्राउसचा 1860 चा 'प्रवेग' हा वॉल्ट्झ अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठी, 1864 चा 'सकाळची वर्तमानपत्रं' पत्रकारांच्या संस्थेसाठी, आणि त्याचा धाकटा भाऊ योझेफ याचा 1867 चा 'वातभ्रम' डॉक्टरांच्या बॉलसाठी! त्याच वर्षीच्या 'ब्लू डॅन्यूब'चं नाव कार्ल बेक या कवीच्या ओळीवरून घेतलं. 1889 चा 'सम्राट वॉल्ट्झ' आधी 'हातात हात' होता. झिमरोक या प्रकाशकाच्या सूचनेवरून तो सम्राटाचा झाला.

आणखी एक. जर्मनमध्ये 'वाल्त्सर' एकवचनीही आणि अनेकवचनीही. 'ब्लू डॅन्यूब'मध्ये प्रस्तावना आणि समारोपाच्या मधे पाच वॉल्ट्झ ओळीने येतात, त्यामुळे 'तो एक वॉल्ट्झ' म्हणताना आपण पाचांना एक करतो.