वॉल्ट्झमध्ये पहिली मात्रा बासची असते

तुमचा प्रश्न असा आहे: चार मात्रांच्या ब्लूग्रास (अमेरिकन लोकसंगीताची एक शैली) गाण्यात मँडोलिनवर चॉप, म्हणजे तुटक 'चक्' असा ठोका, बऱ्यापैकी जमतो, पण तीन मात्रांचा वॉल्ट्झ लागला की हात अडखळतो. मग कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर) कोणते धरायचे आणि उजवा हात कसा चालवायचा?

माझंही हेच व्हायचं. नॉर्थ कॅरोलायनात राहायला आल्यावर मी एका घराच्या ओसरीवर जमणाऱ्या मंडळींत वाजवायला बसू लागलो. एकदा वॉल्ट्झ चालू असताना गाणाऱ्या आजी मध्येच थांबल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "एकवर वाजवू नकोस, एक बासचा आहे." त्या एका वाक्याने माझं काम झालं.

कारण साधं आहे. चार मात्रांत बास (खालचे स्वर देणारं वाद्य) १ आणि ३ वर असतो, मँडोलिन २ आणि ४ वर. म्हणजे हाताला 'सोड, मार, सोड, मार' अशी सवय लागलेली असते. वॉल्ट्झमध्ये हवं असतं 'सोड, मार, मार'. जुनी सवय तशीच चालू राहिली तर एका आवर्तनात तुमचा ठोका २ वर पडतो आणि पुढच्यात १ आणि ३ वर. ऐकणाऱ्याला नुसती गडबड कळते, ती कशामुळे होते ते कळत नाही.

म्हणून आधी वाद्य बाजूला ठेवा. पायाने १, टाळीने २ आणि ३. आपल्याकडे दादरा कानात बसलेला असतो, त्याचा इथे खरोखर उपयोग होतो. बास वाजवणारा बहुतेक वेळा एका आवर्तनात कॉर्डचा सा देतो आणि पुढच्यात पंचम, त्यामुळे दोन आवर्तनं मिळून सहा मात्रांचा एक झोका तयार होतो. ठेका दादऱ्याचा नाही, पण सहा मोजलेत तर गाण्याची वाक्यं कुठे संपतात ते आपोआप जाणवतं.

आता कॉर्ड. जाड तारेपासून सात, पाच, दोन, तीन या फ्रेटवर (दांड्यावरच्या आडव्या पट्ट्या) धरायचा चार बोटांचा मोठा जी कॉर्ड सगळे दाखवतात. करंगळी सातव्या फ्रेटवर पोचत नसेल तर तो सध्या सोडा. मँडोलिनच्या तारांच्या जोड्या जी, डी, ए, ई अशा पंचमाच्या अंतराने लावलेल्या असतात, आणि त्यामुळे एकाच आकारात तीन कॉर्ड मिळतात. डी तारेवर ५ वा फ्रेट अनामिकेने, ए वर २ रा तर्जनीने, ई वर ३ रा मधल्या बोटाने: हा जी. हाच आकार एक जोडी जाड तारांकडे सरकवा, म्हणजे जी तारेवर ५, डी वर २, ए वर ३: हा सी. तोच आणखी दोन फ्रेट पुढे, ७, ४, ५: हा डी. बहुतेक जुने वॉल्ट्झ या तिघांवर निघतात. या आकारात फक्त सा आणि ग आहे; पंचम बास आणि गिटारकडून येतो, त्यामुळे काही उणं वाटत नाही. जी तार किंवा ई तार मोकळी राहिली असेल तिला शेजारच्या बोटाचा हलका स्पर्श ठेवा, म्हणजे ती गुणगुणणार नाही.

दाबलेल्याच तारा का, तर चॉपचा 'चक्' डाव्या हाताने निघतो. उजव्या हाताने मनगटातून खाली एक ठोका, आणि लगेच डाव्या बोटांचा दाब सोडायचा. बोटं तारांवरून उचलायची नाहीत. मोकळी तार दाब सोडून थांबत नाही, म्हणून तिथे चॉप होतच नाही. वॉल्ट्झमध्ये दोन्ही ठोके सारखे कडक मारू नका. मी २ ला किंचित जास्त वाजू देतो आणि ३ लवकर कापतो, त्याने पुढच्या १ कडे ओढ तयार होते. कॉर्ड बदलायचा तो रिकाम्या १ वर. तिथे तुम्हाला पूर्ण एक मात्रा मिळते.

बास वाजवणारं कोणी नसेल तर १ वर जाड तारेचा एकच स्वर द्या, जीला मोकळी जी तार, डीला मोकळी डी तार, सीला जी तारेचा ५ वा फ्रेट. फार संथ गाण्यात तर मी चॉप सोडूनच देतो. मोकळ्या तारांचे कॉर्ड घेऊन हळुवार छेडतो, कारण तिथे 'चक्' गाणाऱ्याच्या शब्दांवर आदळतो.

मेट्रोनोम (मिनिटाला ठरावीक ठोके देणारं यंत्र) आधी ९० वर ठेवून प्रत्येक मात्रा ऐका. मग १२० ला न्या. ते जमलं की ४० वर लावा आणि तो ठोका फक्त १ समजा. २ आणि ३ तेव्हा तुमचे तुम्हालाच धरावे लागतात, आणि खरी लय तिथेच बसते.

शेवटी ऐकायचं एक काम. ब्लूग्रासचे जनक मानले जाणारे मँडोलिनवादक बिल मनरो यांनी 'ब्लू मून ऑफ केंटकी' १९४६ मध्ये वॉल्ट्झ म्हणून ध्वनिमुद्रित केलं. १९५४ मध्ये एल्व्हिस प्रेस्लीने ते चार मात्रांत गायल्यावर मनरो यांनी ते पुन्हा केलं, सुरुवात वॉल्ट्झमध्ये आणि पुढे जलद चार मात्रांत. ते दुसरं ध्वनिमुद्रण लावून सोबत नुसत्या टाळ्या वाजवा. लय बदलते त्या जागी हात न अडखळता 'सोड, मार, मार' वरून 'सोड, मार' वर गेला, की मग मँडोलिन हातात घ्या.