आईवडिलांच्या मृत्युपत्रासाठी चांगला वकील कसा निवडायचा?

तुम्ही लिहिलंय की आईबाबा दोघंही सत्तरीच्या पुढे, पुण्यात फ्लॅट, गावाकडे थोडी जमीन, बँकेत एफडी आणि बहीण अमेरिकेत. तीन वर्षांपूर्वी आमच्याकडे जवळपास हेच चित्र होतं, फक्त बहिणीच्या जागी कॅनडातला भाऊ. मी वकील नाही, साधी नोकरी करतो, पण या प्रकरणात इतक्या वकिलांच्या ऑफिसात बसलोय की थोडं लिहायचा हक्क मिळालाय असं समजतो.

आधी नात्यातल्या एका काकांचं सांगतो. काकांनी मृत्युपत्र केलेलं, तेही रजिस्टर्ड, त्यामुळे सगळे निवांत. ते गेल्यावर वाद झाला आणि तेव्हा कळलं की कोर्टात मृत्युपत्र शाबीत करायला दोन साक्षीदारांपैकी निदान एकाला उभं करावं लागतं, नुसता रजिस्ट्रेशनचा शिक्का पुरत नाही. साक्षीदार कोण? वकिलाच्या ऑफिसातला टायपिस्ट आणि त्या दिवशी तिथे कामाला आलेला कुणीतरी. टायपिस्ट नोकरी सोडून गावी गेलेला, दुसऱ्याच्या पत्त्यावर गेलो तर ती चाळ पाडून तिथे टॉवर उभा. वकीलसाहेब स्वतःच वारलेले. चुलतभावाची चार वर्षं गेली यात. वकिलाने बेकायदेशीर काहीच केलं नव्हतं, फक्त आज सही उरकायची एवढाच विचार केला होता.

म्हणून माझं मत असं की वकील काय बोलतो यापेक्षा काय विचारतो ते बघा. पहिल्या भेटीत नावं लिहून घेऊन "परवा या, ड्राफ्ट तयार ठेवतो" म्हणणारा असेल तर चहा पिऊन बाहेर पडा. आम्ही शेवटी ज्या बाईंकडे काम दिलं त्यांनी पहिल्या दिवशी एक ओळ लिहिली नाही. फ्लॅटचं अ‍ॅग्रीमेंट, इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयातला उतारा), सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, ताजा सातबारा आणि जुने फेरफार घेऊन या म्हणाल्या. बाबा आयुष्यभर "गावची जमीन माझी" म्हणत आले, आणि सातबारावर आजोबांनंतर वारस म्हणून आजी, बाबा, काका आणि दोन्ही आत्यांची नावं, वाटप कधी झालेलंच नाही. म्हणजे बाबा फक्त आपल्या हिश्श्यापुरतं लिहू शकत होते. कागद न बघता लिहिलं असतं तर अख्खी जमीन आम्हा दोघा भावांना देऊन मोकळे झाले असते आणि आत्यांशी भांडण ठरलेलंच.

मग त्यांनी बाबांना विचारलं, "तुमच्या आई हयात आहेत का?" बाबा हसले, म्हणाले एक्क्याण्णव वर्षांची आहे, तिचं काय आता? तर हिंदू वारसा कायद्यात मृत्युपत्र न करता पुरुष गेला तर बायको आणि मुलांच्या बरोबरीने त्याच्या आईलाही वाटा मिळतो, वडिलांना नाही पण आईला मिळतो. आणि तिने काही लिहून ठेवलं नसेल तर तिच्यानंतर तो वाटा तिच्या सगळ्या मुलांकडे जातो. म्हणजे पुण्यातल्या फ्लॅटमध्ये काका-आत्यांची नावं! आमच्यापैकी कुणाच्या डोक्यातही हे आलं नव्हतं.

दुसऱ्या भेटीत त्यांनी मला चक्क बाहेर बसवलं. मीच गाडीने आणलेलं, फी मीच देणार, आणि मलाच म्हणतात तुम्ही जरा बाहेर थांबा, मला आईबाबांशी एकेकट्याने बोलायचंय. पाऊण तास बाकावर बसून होतो, खरं सांगतो, राग आला होता. नंतर कळलं की ज्याला मिळकत मिळणार तोच पुढे पुढे करून मृत्युपत्र लिहून घेत असेल तर कोर्ट ते संशयाने बघतं, सुप्रीम कोर्टाने १९५८ मध्येच हे सांगून ठेवलंय. म्हणजे मला बाहेर बसवणं माझ्याच फायद्याचं होतं. तुम्हाला आत बसवून तुमच्याकडूनच सगळं ऐकून घेणारा वकील दिसायला सोयीचा, पण उद्या बहिणीने शंका घेतली तर उत्तर काय देणार?

बक्षीसपत्रापासून मात्र जपून. आधी एका वकिलाने आम्हाला सांगितलेलं की मृत्युपत्र कशाला, राहत्या घराचं मुलाच्या नावे बक्षीसपत्र करा, महाराष्ट्रात स्टँप ड्युटी फक्त २०० रुपये. बरोबर आहे, मुलं-नातवंडं-नवराबायको यांना राहतं घर किंवा शेतजमीन दिली तर स्टँप २०० च, वर सेस आणि इतर खर्च वेगळा. पण बक्षीसपत्र झालं की घर त्याच दिवशी आईबाबांच्या हातातून गेलं, मृत्युपत्र मरेपर्यंत कितीही वेळा बदलता येतं. मुलगा सांभाळत नाही म्हणून घर परत घ्यायला २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात कलम २३ आहे, पण त्यासाठी म्हातारपणी प्रांताधिकाऱ्यांकडे खेटे घालायचे? हा फरक जो वकील स्वतःहून सांगत नाही त्याला नमस्कार करावा.

नॉमिनीचंही विचारून बघा. "सगळीकडे नॉमिनी आहे, मग काळजी नाही" असं वकीलच म्हणाला तर उठा. कालनिर्णयचे जयंत साळगावकर यांच्या मृत्युपत्रावरून सुरू झालेला दावा सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि डिसेंबर २०२३ मध्ये निकाल लागला की शेअर्सचा नॉमिनी हा मालक नसतो, वारसांसाठी सांभाळणारा असतो. प्रोबेटबद्दलही, म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याच्या कोर्टाच्या दाखल्याबद्दलही, विचारा. पूर्वी मुंबईतल्या मिळकतीला ते सक्तीचं होतं, पुण्यातल्यांना सहसा लागायचं नाही, आणि २०२५ च्या शेवटी भारतीय वारसा कायद्यातलं ते कलम २१३ च काढून टाकलं. जुनंच पाठांतर म्हणून दाखवत असेल तर समजून जा. आणि तुमची मुळं गोव्यातली असतील तर तिथलाच वकील धरा, तिकडे वेगळा कायदा आहे आणि मुलं असताना निम्म्याहून जास्त मिळकत मर्जीने दुसऱ्याला देता येत नाही.

फी आधी ठरवून लिहून घ्या. आम्ही दोघांच्या दोन मृत्युपत्रांचे मिळून अठरा हजार दिले, रजिस्ट्रेशनच्या दिवशी सोबत येणं धरून. मिळकतीच्या किमतीवर टक्के मागणारा एक भेटला होता, त्याला मी पुन्हा फोनही केला नाही. मृत्युपत्राला स्टँप ड्युटी नाही, साध्या कागदावर चालतं, रजिस्ट्रेशनही सक्तीचं नाही, तेव्हा "सरकारी खर्च" म्हणून कुणी मोठा आकडा सांगितला तर पावती मागा.

साक्षीदार आम्ही बाबांच्या पिढीतले घेतले नाहीत. एक आमचे फॅमिली डॉक्टर, पंचेचाळिशीचे, आणि एक शेजारचा मुलगा ज्याला मृत्युपत्रात छदाम मिळत नाही. दोघांचे कायमचे पत्ते खाली लिहिलेत.

शेवटी बाईंनी विचारलं, मूळ प्रत ठेवणार कुठे? बाबा म्हणाले बँकेच्या लॉकरमध्ये. लॉकर कुणाच्या नावे? एकट्या बाबांच्या. त्या नुसत्या बघत राहिल्या, मग बाबांनाच हसू आलं. आता ती प्रत आईच्या कपाटात पैठणीखाली आहे, आणि कॅनडातल्या भावालाही व्हिडिओ कॉलवर तो कप्पा दाखवून ठेवलाय.